खांबातली नदी

हेरन फॉल्स, मॅसॅच्युसेट्स
१२ फेब्रुवारी

प्रिय नतेर्सिया,

अक्षर सुंदर आहे ते माझं नाही, हे आधीच सांगून टाकते. मी बोलतेय आणि गिरणीच्या गेटापाशी डोनटचं दुकान चालवणारी सोखा लिहितेय. मला अक्षर लावता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तुझी आई दुखरे गुडघे घेऊन फ्लोरिडाला गेली आणि माझी लेखणी गेली. सोखाला दुपारी गिऱ्हाईक नसतं. माझं इंग्रजी सोखाला कळतं, सोखाचं कंबोडियाचं इंग्रजी मला कळतं, आणि आम्हा दोघींचं तिसऱ्या कुणाला कळत नाही. त्यामुळे सगळं खासगी राहतं.

फोन मात्र करू नकोस. गिरणीतल्या मागांनी माझे कान कधीच खाल्ले. फोनच्या काचेत तुझे ओठ बघून समजून घ्यावं, तर ते मधेच गोठतात आणि मला वाटतं पोरगी रुसली. पत्र बरं. सोखा माझ्यासमोर बसून वाचते, मी तिच्या ओठांवरून ऐकते. तोंडात डोनट असला की थांबवते.

(सोखाची टीप: हे एकदाच झालं होतं.)

आता बातमी. बसलेली असशील तर उभी राहा. काल पवित्र आत्म्याच्या सणाच्या चिठ्ठ्या निघाल्या. ईस्टरनंतरचे सात रविवार, सात घरं, आणि प्रत्येक घरी आठवडाभर चांदीचा मुकुट. सातवा रविवार ज्याच्या नावाचा, त्याच्याकडून मोठा सण आणि येईल त्याला पाव घातलेल्या सूपचं जेवण. सातवी चिठ्ठी माझी निघाली! समुद्रापलीकडच्या आपल्या बेटावरून आल्यापासून दरवर्षी मी त्या टोपीत नाव टाकतेय. आतापर्यंत एकदाच निघालं होतं, तिसऱ्या रविवारी, तेही धो धो पावसात. लिबेरियोनं चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच टोपीत हात घातला होता. तो सणाच्या मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून सगळ्यांकडेच तसं पाहतो.

सणाच्या दिवशी चर्चमध्ये पाद्री मुकुट एकाच्या डोक्यावर ठेवतो. ते डोकं घरचं लागतं. मी तुझं ठरवलंय. चांगलं डोकं आहे, फक्त आतून कडक. घरचं कुणी नसलं तर मुकुट उशीवर ठेवून नेतात. लोक काही बोलत नाहीत. पण न बोलता काय बोलतात ते मला सगळ्यांत आधी दिसतं.

जागाही ठरवलीय. माझं घर तिसऱ्या मजल्यावर; जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला परत वर जावं लागतं. म्हणून मुकुट बसेल गिरणीत, आमच्या विणकामाच्या हॉलमध्ये. लिबेरियो म्हणाला, "ते घर नाही, बाई. भाड्याचा गाळा आहे." मी म्हटलं, "जेवढे तास मी त्या फरशीवर उभी राहिले, तेवढे तास स्वतःच्या पलंगावर झोपलेसुद्धा नाही. मग घर कुठलं?" त्यानं वहीत गिरणी लिहून घेतली.

१९ मे. रजा माग.

तुझी आजी,
एतेल्विना


क्लीव्हलंड
२४ फेब्रुवारी

प्रिय वावो,

पत्र वाचून स्वयंपाकघरात नाचले. सातवा रविवार! रजा मागितली, मिळाली. हृदयाच्या ऑपरेशनांना मी एकटीच नर्स नाही, एक आठवडा माझ्यावाचून निभेल. मुकुट घालीन, भांडी घाशीन, तू म्हणशील ते करीन.

पण गिरणीत नाही.

मी नऊ वर्षांची होते. शनिवारी तुझ्याकडे राहायला आले की आजोबांच्या शेजारी झोपायचे. गिरणीचं रंगखातं सोडून त्यांना वर्ष झालं होतं, तरी सकाळी त्यांच्या उशीवर निळा डाग असायचा. घामातून रंग यायचा, वावो. मला वाटायचं सगळ्यांचे आजोबा निळेच असतात. मग ते रक्ताची लघवी करायला लागले, आणि कंपनीचा डॉक्टर म्हणाला, वाइन कमी करा.

अंत्ययात्रेची गाडी त्या गेटासमोरून गेली, तेव्हा मी आईला सांगितलं होतं की मी आत कधी पाऊल टाकणार नाही. मी ते मोडलेलं नाही. चर्चच्या तळघरात कर, शाळेत कर, रस्त्यावर कर. मी येते.

तुझी,
नतेर्सिया


हेरन फॉल्स
६ मार्च

प्रिय नतेर्सिया,

तुझं पत्र सोखानं दोनदा वाचलं. उशीपाशी आल्यावर दोन्ही वेळा तिचे ओठ थांबले. मी वाट पाहिली.

तू बाहेरून गेट पाहिलंस. आता मी तुला आत नेते, पत्रातून. पत्रातून येण्याला तुझी शपथ आड येत नाही.

मी बेटावरून आले ती एक ट्रंक घेऊन. बस पुलावर वळली आणि समोर हे. नदी टेकडीवरून कोसळते ना, बरोबर तिथेच गिरणी अशी बांधलेली, जणू नदीच्या अंगावर कुणी खुर्ची टाकून बसलंय. एकेक दगड पलंगाएवढा. खिडक्या मोजायला गेले आणि सोडून दिलं. मी हात जोडले आणि तुझ्या आजोबांना विचारलं, "हे कुठल्या संताचं?" अव्हेलीनो आठवडाभर हसला. खात्यात सगळ्यांना सांगत सुटला. मग मलाही त्याच गिरणीत लावलं, मागांवर.

आतला आवाज मी तुला सांगू शकत नाही, कारण तो सांगायला कानच उरले नाहीत. आम्ही बायका ओठांनी बोलायचो. हॉलच्या त्या टोकाची कोंसेसांव आपल्या नवऱ्याबद्दल जे सांगायची, ते या टोकाला मला लख्ख कळायचं आणि मधे उभ्या मुकादमाला काही नाही. तुलाही मी तसंच शिकवलं होतं, आठवतं? चर्चमध्ये आपण दोघी पाद्रीच्या टकलाबद्दल बोलायचो.

आणि नदी. रंगखात्याचं पाणी तिच्यात सुटायचं. कधी लाल, कधी हिरवी, कधी जांभळी. न्यूयॉर्कच्या बायका पुढच्या वर्षी कुठल्या रंगात फिरणार, ते आम्हाला पुलावरून आधीच कळायचं. लोक थांबून बघायचे. मीही बघायची. फार सुंदर दिसायची, पोरी. तिथे एकही मासा नव्हता, आणि फार सुंदर दिसायची. दोन्ही गोष्टी मी सांगतेय. एकच सांगा म्हणाली असती तर सोखाला मी दुकानातून काढलं असतं.

(सोखाची टीप: दुकान माझं आहे.)

मग गिरणी बंद पडली. कबुतरं आली. छपरावर बर्चचं झाड उगवलं. शेवटी शहरानं ती घेतली, नदीतला गाळ वर्षानुवर्षं उपसून नेला, भिंती धुतल्या, गाळे पाडले आणि पाटी लावली: हेरन रिव्हरसाइड इंडस्ट्रियल पार्क. पार्क! झाड एकच होतं, छपरावरचं. तेही यांनी काढलं.

आता कापसाच्या गोदामात एक नवराबायको अंधारात अळिंबी वाढवतात. जिन्याच्या मनोऱ्यात लोक दोरी बांधून भिंतीवर चढतात आणि वर त्याचे पैसे देतात. रंगखात्यात होड्या बनतात. हो, तिथेच. जमीन खणून नवी फरशी घातली, आता लाकडाचा वास येतो.

परवा मी विणकामाच्या हॉलमध्ये गेले, गिरणी बंद पडली त्या दिवसानंतर पहिल्यांदा. माझ्या कानांना काय, सगळीकडे शांतच. पण पाय! पायांना ती जागा कधी शांत ठाऊकच नव्हती. तिथे फरशी दिवसभर थरथरायची, गुडघ्यांपर्यंत यायची, रात्री पलंगावरसुद्धा उतरायची नाही. आता काही नाही. नुसता उजेड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी भिंतीला धरून उभी राहिले. शांतता एवढी मोठी असते, हे मला या वयात कळलं.

ये आणि बघ.

तुझी आजी


क्लीव्हलंड
१९ मार्च

प्रिय वावो,

तू इतकं छान सांगतेस की मला राग येतो.

त्या पाटीशेजारी दुसरी पाटी आहे ना? "या नदीतले मासे खाऊ नका." आईनं फोटो पाठवला होता. गाळ उपसला म्हणतेस, तो तिथे टाकला कुणी? ज्यांनी टाकला ते पैसे घेऊन गेले, आणि आता आपण तिथे मेजं मांडून सूप वाढायचं? आजोबांना निळं करणारा रंग ज्या नदीत सुटला, तिच्या काठावर?

तुला त्या जागेचं प्रेम आहे, ते मी तुझ्याकडून काढून घेत नाही. पण माझं डोकं मागू नकोस. चर्चमध्ये करणार असशील तर येते. नाहीतर मुकुट उशीवर ने.

नतेर्सिया


हेरन फॉल्स
२ एप्रिल

प्रिय नतेर्सिया,

सोखा म्हणाली, या पत्राला लगेच उत्तर देऊ नका. म्हणून मी थांबले, आणि तिचे डोनट खाल्ले. बिल तुला पाठवणार आहे.

उशीचे अभ्रे मी उकळायची. सोड्यात, मग लिंबात, मग नुसत्या रागात. डाग फिका व्हायचा, जायचा नाही. ते तुला दिसू नयेत म्हणून शनिवारी मी नवे घालायची. तरी तुला दिसलेच. तुझी नजर तेव्हापासूनच दवाखान्याची.

गिरणीला माफ कर, असं तुला कुणी सांगितलं? मी सांगितलं? पत्रं काढून बघ. मी जेवायला ये म्हटलं. आपल्या सणात मेजाशी बसताना कुणी विचारत नाही की तू चांगला की वाईट, श्रीमंत की फाटका. ज्या जागेनं माझा नवरा घेतला, त्या जागेला मी वाढणार आहे. तिनं जन्मभर आमच्याकडून घेतलं. एकदा तिथे बसून शहरानं आमच्या हातचं जेवू दे. हे माझं आहे. तुझ्यावर लादत नाही.

आता दोन गोष्टी सांगते आणि गप्प बसते.

पहिली. मी हॉलमध्ये वेदी कुठे मांडायची ते बघत होते. दमले, म्हणून लोखंडी खांबाला तळहात टेकवला. तो थरथरत होता. बारीक, अगदी बारीक, मांजर झोपेत घुरघुरतं तसा. मी छातीवर क्रूसाची खूण केली. मला वाटलं, इतकी वर्षं चाललेले माग लोखंडात मुरलेत आणि आता परत निघतायत. कोंसेसांवचं नावसुद्धा घेतलं, ती जाऊन दहा वर्षं झाली. धावत सोखाकडे गेले. म्हणजे माझं धावणं.

ती म्हणाली, "आजी, खाली नदी आहे." तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत फरशीत एक झाकण आहे. तिनं ते उचललं. मी वाकले. गार वारा तोंडावर आला. आणि खाली दगडी कमानींखालून पाणी चाललेलं, चर्चच्या मधल्या वाटेइतकं रुंद. काळं नाही, लाल नाही. तळाचा दगड दिसत होता. मी माझं सगळं तारुण्य हिच्या डोक्यावर उभं राहून काढलं, आणि मागांच्या गोंधळात मला पत्ताच नव्हता! ती खाली तेव्हाही चाललेली होती. अव्हेलीनोच्या रंगासकट. ती थांबली नाही आणि आम्हीही थांबलो नाही, आणि दोघींना एकमेकींची थरथर कळली नाही, कारण मधे माग होते. मी त्या झाकणापाशी फरशीवर बसले. सोखालाही बसायला लावलं.

(सोखाची टीप: मी बसले. तळणीतले डोनट जळले. हरकत नाही.)

दुसरी. हॉलच्या अर्ध्यावर काचेची भिंत आहे, पहिल्या दिवशी उजेडात मला ती दिसलीच नव्हती; पलीकडे एक छोटी कंपनी. आत पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या, आणि माग. हो, माग! पण असे लहान की मांडीवर घ्यावे. मी काचेला नाक लावून उभी राहिले. आतल्या एका मुलीला दया आली, बाहेर येऊन तिनं दाखवलं. कापडाची नळी. विणलेली, शिवण कुठेच नाही, बोटाएवढी जाड. म्हणाली, ही माणसाच्या छातीत बसवतात, फाटलेल्या रक्ताच्या नळीच्या जागी. मी ती चिमटीत धरली. वीण इतकी बारीक की माझ्या बोटांना लाज वाटली. आमच्याच फरशीवर, आमच्या खांबांमध्ये, कुणाच्या तरी हृदयाचं कापड.

तू रोज छाती उघडणाऱ्यांच्या शेजारी उभी असतेस, म्हणून सांगितलं. बाकी काही मागत नाही. मुकुट उशीवर नेईन.

तुझी आजी


हेरन फॉल्स
३० एप्रिल

प्रिय नतेर्सिया,

तुझं पत्र नाही. पोस्टमन सोखाकडे चॉकलेटचा डोनट घेतो आणि मान हलवतो. मी त्याला म्हटलं, डोनट बंद करीन.

सूपचं मांस सांगून झालं, त्यात घालायचा पुदिना कुंडीत वर आलाय, गोड पाव बायका वाटून भाजणार आहेत. लिबेरियो रोज विचारतो, "डोकं कुणाचं?" मी म्हणते, "तुझं नाही, एवढं नक्की."

तू रागावलेली असशील तर रागावलेलं पत्र पाठव. सोखाला रागाचं वाचन छान जमतं.

तुझी आजी

(सोखाची टीप: ती हे सांगणार नाही. तिनं उशी शिवायला घेतली होती, पांढरी. अर्धी शिवून ठेवून दिली.)


क्लीव्हलंड
६ मे

प्रिय वावो,

पत्र लिहायला इतके दिवस लागले कारण मी काही ना काही लिहायचे आणि फाडायचे.

तुझं नळीचं पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी एक ऑपरेशन होतं. सत्तरीचा माणूस, हृदयातून निघणारी मोठी धमनी फुगलेली. डॉक्टरांनी नळी मागितली. मी कपाटातून खोका काढला, जसा सहा वर्षं काढतेय, फोडला, आतलं पाकीट त्यांच्या हाती दिलं. मग रिकामा खोका टाकताना खालच्या बाजूला बारीक अक्षरात पाहिलं. कधीच पाहिलं नव्हतं. गाळा क्रमांक ४, हेरन रिव्हरसाइड इंडस्ट्रियल पार्क, हेरन फॉल्स.

वावो, मी गेटातून आत पाऊल टाकणार नाही म्हणत होते, आणि सहा वर्षं तिथलंच कापड माझ्या हातातून माणसांच्या छातीत जात होतं.

मी विरघळले असं समजू नकोस. त्या डॉक्टरनं वाइन कमी करा म्हटलं होतं, ते मी कधी विसरणार नाही. पण तू बरोबर आहेस, तू माफ कर म्हणाली नव्हतीस. मीच ते वाचलं, लिहिलेलं नसताना.

सणाआधीच्या शुक्रवारी रात्रीच्या बसनं निघते. उशी शिवू नकोस.

नतेर्सिया


क्लीव्हलंड
२६ मे

प्रिय वावो,

घरी पोचले. केसांना अजून पुदिन्याचा वास आहे. मुकुट इतका जड असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

मिरवणूक गेटापाशी आली तेव्हा माझे पाय थांबले होते. तू पुढे होतीस, पाठमोरी, तुला दिसलं नसेल. सोखा शेजारून म्हणाली, "सगळे तुझ्या मागे खोळंबलेत आणि सूप गार होतंय." एवढ्यावर गेले.

आत शिरले आणि मान वर केली. तू सांगितलं होतंस, तरी तयारी नव्हती. तो उजेड. भिंतीवर चढायच्या दोऱ्या सोडून आलेली मुलं, अळिंबीवाले, पांढऱ्या टोप्या काढलेल्या काचेपलीकडच्या मुली, तुझ्या जुन्या मैत्रिणी ओठांनीच भांडणाऱ्या, सगळे एका मेजाला. बँड वाजत होता. तू त्या टोकाला वाढत होतीस, मी या टोकाला डोक्यावर चांदी घेऊन. तेव्हा मी आवाज न करता ओठांनी विचारलं, आजोबा कुठे उभे राहायचे? मला वाटलं नव्हतं दिसेल. तू पळी खाली ठेवलीस आणि खिडकीतून बोट दाखवलंस.

मी तिथे गेले होते, वाटी घेऊन. होड्या बनवणाऱ्यानं एक स्टूल दिलं. मी तिथे बसून जेवले. रडले नाही. पाव रश्श्यात पूर्ण विरघळला होता.

परत हॉलमध्ये येऊन मी तुझ्या खांबाला हात लावला, आणि जे कळलं ते तिथे सांगता आलं नाही म्हणून लिहितेय. नळी शिवून झाली की डॉक्टर चिमटा सैल करतात. इतका वेळ ते कापड निपचित असतं, पांढरं. मग पहिलं रक्त आत येतं. माझ्या पहिल्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते, बोट ठेव. मी ठेवलं. बोटाखाली ते कापड थरथरलं. ती थरथर मी परत कुठे पाहीन असं वाटलं नव्हतं.

वावो, खांबात तीच होती.

तुझी,
नतेर्सिया


हेरन फॉल्स
४ जून

प्रिय नतेर्सिया,

सोखानं पत्र तीनदा वाचलं, दोनदा माझ्यासाठी आणि एकदा झाकण उघडून नदीला. ती म्हणते तिनं असं काही केलं नाही.

(सोखाची टीप: केलं.)

मुकुट मंडळाकडे परत गेला. लिबेरियो म्हणाला, यंदा जेवढी माणसं जेवली तेवढी त्यानं कधी पाहिली नाहीत, आणि पुढच्या वर्षी ज्याचा सातवा रविवार येईल त्यालाही तो हॉल हवाच असेल. मी म्हटलं, घर नाही ते, गाळा आहे. चेहरा बघण्यासारखा झाला त्याचा.

गेटापाशी तू थांबलीस ते मला दिसलं नाही म्हणतेस. पोरी, मी पुढे होते आणि पाठमोरी होते, पण माझ्या चपला पातळ आहेत. मागून येणारी पावलं मला फरशीतून कळतात. तुझी थांबली, तशी मीही थांबले. मग तुझी पुन्हा सुरू झाली, तेव्हा मी चालू लागले.

अर्धी उशी पडून आहे. तिच्यात पिसं भरून मी ती माझ्या पलंगावर घेतलीय. पांढरीच राहते.

तुझी आजी,
एतेल्विना